बाद न होणारी मुलगी

शाळेत पी.टी.च्या तासाला माझी मुलगी पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. वर्ग खाली उतरला की मुलं आपापल्या बाटल्या जिन्याच्या तळाशी ठेवायची आणि ती वरच्या पायरीवर बसायची. हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं. तिथे बसून राहायला काहीतरी निमित्त हवं म्हणून तिने ते घेतलं होतं. कुठली बाटली कुणाची हे तिला झाकणावरून ओळखता यायचं.

तिच्या हृदयाला जन्मतः छिद्र होतं. लहानपणीच शस्त्रक्रिया करून ते बुजवलं, पण एक झडप अजून थोडी गळते. शाळेने प्रमाणपत्र मागितलं तेव्हा डॉक्टरांनी व्यायामातून सूट लिहून दिली. तोंडी त्यांनी वेगळं सांगितलं होतं. "खेळू द्या तिला. दमली की तिची ती थांबेल. या मुलांना आपली मर्यादा आपल्याआधी कळते. फक्त कुणाला दाखवण्यासाठी पळायची वेळ तिच्यावर आणू नका."

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या इमारतीच्या खाली, पार्किंगच्या खांबांमध्ये ती रोज संध्याकाळी खेळायची. आम्ही परळची खोली सोडून इथे आलो ते ती चालायला लागण्याच्या सुमारास, त्यामुळे खालची मुलं तिला पहिल्यापासून ओळखत होती. डबा ऐसपैस, लगोरी, लंगडी, जे चालू असेल त्यात ती असायची. हात उताणे-पालथे टाकून राज्य कुणावर हे ठरायचं, त्याआधी कुणीतरी मोठ्याने सांगायचं, "ही लिंबू हां." बाकीचे "हां" म्हणायचे आणि खेळ सुरू व्हायचा.

लिंबू म्हणजे लिंबूटिंबू. आमच्या इमारतीत गुजराती, हिंदी, मराठी, सगळ्या घरची मुलं आहेत आणि त्यांच्या भांडणाची भाषा हिंदी आहे, पण हा शब्द सगळ्यांचा एकच. लहान किंवा अशक्त मूल खेळात असतं, पळतं, ओरडतं, लपतं. पकडलं गेलं तरी ते बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला वगळत नाहीत आणि त्याला मोजतही नाहीत. हे कुठल्या नियमावलीत नाही. कुणी शिकवलेलंही नाही. फक्त ते खेळाआधी, सगळ्यांच्या देखत, त्या मुलाच्याही देखत सांगायचं असतं. माझी मुलगी दमली की खांबाला टेकून उभी राहायची, श्वास जागेवर आला की पुन्हा पळायची. तिच्या थांबण्याकडे कुणाचं लक्ष नसायचं.

ती पाचवीत गेली त्या वर्षी शाळेने शारीरिक शिक्षणात देशी खेळ आणायचं ठरवलं. जूनमधल्या पालकसभेत मुख्याध्यापिकांनी ते जाहीर केलं आणि खेळाच्या नव्या सरांना पुढे बोलावलं. सर तारोडी गावचे होते. वय तिशीच्या आत, नेमणूक कंत्राटी. उत्तनच्या बाजूने बसने यायचे. शाळेत ते प्रमाण मराठी बोलायचे. बोलण्याच्या भरात मात्र 'आहे'चं 'हाय' व्हायचं आणि पुढच्याच वाक्यात ते स्वतःला सावरून घ्यायचे.

पालकांना ही कल्पना फारशी आवडली नाही. एक वडील म्हणाले, "सर, लंगडी से क्या होगा? स्केटिंग सिखाओ, स्विमिंग सिखाओ. कल को सर्टिफिकेट तो मिलेगा."

माझ्या मागे बसलेल्या एक बाई बाजूच्या बाईंना म्हणाल्या, "आम्ही रत्नागिरीला फुकट खेळलो हे. इथे फी भरून खेळायचं म्हणजे कमालच झाली."

सर ऐकत होते. ते म्हणाले, "लंगडीला सोपी समजू नका. पायाखाली ही जागा हाय तेवढ्यात एका पायावर उभं राहून दाखवा कोणीतरी. मी वीस म्हणेपर्यंत."

स्केटिंगवाले वडील उठले आणि उभे राहिले. सर सातपर्यंत पोचले तेव्हा त्यांनी शेजारची खुर्ची धरली. सभा हसली, तेही हसले. ठराव असा काही झाला नाही, पण विरोध तिथे संपला. त्या सभेत बाजूने आणि विरोधात जे बोललं गेलं ते सगळं मला आठवतं. दोन्हीकडच्या मुद्द्यांत तथ्य होतं. शाळेला मैदान नव्हतं. सिमेंटच्या ठोकळ्यांचं एक पटांगण होतं. देशी खेळांना साहित्य लागत नाही, जागा कमी लागते, मुलं एकत्र खेळतात, हे मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि ते खरं होतं. त्या खेळांना गुण असतील हेही त्याच सभेत सांगितलं गेलं. त्यावर कुणी काही विचारलं नाही.

पहिल्या आठवड्यात सरांनी पटांगणावर पांढऱ्या फक्कीने चौकोन आखला. लंगडीचे नियम साधे आहेत. एका संघाचे गडी तिघा-तिघांनी चौकोनात उतरून पळतात, दुसऱ्या संघाचा एकेक गडी लंगडी घालत त्यांना शिवतो. हात लागला की बाद. जिन्यावर बसलेल्या मुलीला सरांनी विचारलं, "तू का बसलीस?"

"माझं सर्टिफिकेट आहे."

"घरी खेळतेस?"

"खाली खेळते. लिंबू असते."

"मग इथं पण लिंबू. चल." त्यांनी वर्गाला ओरडून सांगितलं, "ही आपली लिंबू. शिवली तरी बाद न्हाय." वर्ग "हां" म्हणाला. वेगवेगळ्या इमारतींतली, वेगवेगळ्या घरांतली मुलं होती ती. कुणालाही अर्थ सांगावा लागला नाही.

हे महिनाभर चाललं. बाटल्या जिन्याच्या तळाशी आपल्या आपण पडून असायच्या.

मग एका पालकांनी तक्रार केली. त्यांची मुलगी लवकर बाद झाली म्हणून तिचे गुण कमी झाले होते आणि एक मुलगी बाद होऊनही खेळत राहते, असं त्यांचं म्हणणं होतं. मुख्याध्यापिकांनी आम्हा दोघांना आणि सरांना बोलावलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी अडचण नीट मांडली. मूल्यमापनात दोनच प्रकार होते, एक खेळणारं मूल आणि दुसरं वैद्यकीय सूट असलेलं मूल. खेळणाऱ्याला नियम सगळ्यांसारखे. सूट असलेल्याने बाजूला बसायचं.

"मधलं काही नाही का?" माझ्या बायकोने विचारलं.

"मी काय लिहू तिच्यापुढे?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "लिंबू लिहू?"

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आपल्या गतीने खेळायला हरकत नाही, असं त्यांनी लिहून दिलं. मुलीला विचारलं तर तिला जिन्यावर परत जायचं नव्हतं. कागद शाळेत दिला आणि ती खेळणारं मूल झाली.

पुढे सरांनी काय केलं ते आम्हाला नंतर कळलं, पण क्रमाने सांगायचं तर ते इथेच सांगायला हवं. एका तपासणीसाठी मुलगी शाळेत गेली नव्हती. त्या दिवशीच्या तासाला सरांनी वर्गाला चौकोनाभोवती बसवलं आणि सांगितलं की उद्यापासून ती कागदावर पूर्ण गडी आहे, आपल्यात मात्र ती लिंबूच. तिला शिवायचं ते सगळ्यांत शेवटी. वरवर तिच्यामागे जायचं, पण हात लावायचा नाही. आणि हे तिला सांगायचं नाही, कारण तिला सांगितलं तर ती लिंबू आहे हे पुन्हा उघड होईल, आणि उघड झालं तर तिला बसवतील.

वर्गाने हे पाळलं. दहा वर्षांच्या मुलांनी एक गोष्ट इतके महिने पोटात ठेवली, यावर मी अजून विचार करतो.

ती घरी येऊन सांगायची, "आज आमच्यातली मी शेवटपर्यंत राहिले."

"तुला कुणी पकडत कसं नाही गं?" बायकोने एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं.

"मी वळते. पळताना एकदम वळलं ना, की लंगडीवाल्याचा तोल जातो. त्याला दुसरा पाय टेकता येत नाही ना, आई."

तंत्र म्हणून ते बरोबर होतं. सरांनी ते खरोखरच शिकवलं होतं आणि ती खरोखरच वळायची. दमली की ती चौकोनाच्या कोपऱ्यात थांबायची. तिच्या समजुतीप्रमाणे तिथे ती पुढची चाल ठरवत असायची.

पावसाळा संपता संपता तिने इमारतीखाली खेळणं कमी केलं. खाली "ही लिंबू हां" असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "मी लिंबू नाहीये. शाळेत मला गुण आहेत."

"आली मोठी चॅम्पियन," तळमजल्यावरचा मुलगा म्हणाला. "ठीक आहे, मग आऊट म्हणजे आऊट. नंतर रडायचं नाय."

"मला नाही खेळायचं तुमच्यात. तुम्ही लहान मुलांसारखं खेळता," ती म्हणाली आणि वर आली. त्यानंतर संध्याकाळी ती गॅलरीत दोरी न घेता नुसत्या उड्या मारायची आणि वळण्याचा सराव करायची. खालच्या मजल्यावरच्या काकींनी दोनदा तक्रार केली.

डिसेंबरात क्रीडादिन होता. शाळेने भाड्याने घेतलेलं मैदान मातीचं होतं. मंडप, खुर्च्या, कुणा पाहुण्यांसाठी हार. मी काम करतो त्या वर्तमानपत्राने त्याच आठवड्यात देशी खेळांवर एक पान केलं होतं आणि ते माझ्याच हाताखालून गेलं होतं. मातीतल्या खेळांना नवे दिवस, असा त्याचा मथळा होता. माहितीत एकही चूक नव्हती.

लंगडीचा सामना पाचवीच्या दोन तुकड्यांमध्ये होता. आमच्या तुकडीच्या संघात मुलगी राखीव होती. सरांनी तिला तसं ठेवलं होतं. सामना सुरू होण्याआधी एका मुलीचा पाय मुरगळला आणि राखीव गडी उतरवायची वेळ आली. मंडपाच्या दोरीपाशी मी उभा होतो तिथून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

वर्गाचा कॅप्टन म्हणाला, "सर, तिला नको."

"का नको?" मुलीने विचारलं. "मी शेवटपर्यंत राहते. सर, सांगा ना याला."

कॅप्टन सरांकडे बघत होता, मुलगीही सरांकडे बघत होती. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण त्या मुलीला सोडून बाकी सगळ्यांना माहीत होतं. सरांनी तिला शेवटच्या तिघांत घेतलं. दुसऱ्या तुकडीला जाऊन ते काही सांगू शकले नसते. तिथे वेगळे शिक्षक होते आणि तो सामना गुणांचा होता.

ती उतरली. समोरच्या संघाची एक उंच मुलगी लंगडी घालत सरळ तिच्याकडे आली. बाकी दोघी जवळ होत्या, तरी तिने हिलाच हेरलं, कारण सगळ्यांत सावकाश पळणाऱ्या गड्याला आधी शिवायचं हे साधं गणित आहे. माझी मुलगी वळली. ती उंच मुलगीही वळली. तिचा तोल गेला नाही. हात लागला.

"नाही लागला," माझी मुलगी म्हणाली.

"लागला. खोटं नको बोलू," ती मुलगी म्हणाली, आणि पंचांनी शिट्टी दिली.

दुसऱ्या डावात तिची पाळी पुन्हा आली. डावांच्या मध्ये बायको तिच्याजवळ जाऊन म्हणाली होती, "बस झालं, चल." तिने नकारार्थी मान हलवली होती. "एकदाच लागला, आई. ते ऊन डोळ्यांवर होतं म्हणून." आता ती सुरुवातीपासूनच पळत होती, कुणी मागे नसतानाही. कोपऱ्यात थांबली नाही. उंच मुलगी पुन्हा तिच्यामागे लागली. ही वळायची, ती वळायची. आमच्या तुकडीची मुलं कडेने ओरडत होती. मुलीचे ओठ काळपट दिसायला लागले होते. मी दोरी ओलांडून चाललो होतो, तेवढ्यात तिच्या वर्गातली तिची जवळची मैत्रीण चौकोनाच्या रेषेपाशी धावत गेली आणि त्या उंच मुलीला ओरडून म्हणाली, "ए, सोड ना तिला, ती लिंबू आहे."

ओरडणं थांबलं. उंच मुलगी एका पायावरच उभी राहिली. मंडपात कुणीतरी हसलं. बहुधा शब्द ऐकून हसलं असेल, बाकी त्या माणसाला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. माझी मुलगी आणखी थोडी पळाली आणि मग फक्कीच्या रेषेवर बसली. तिच्या शाळेच्या पिनाफोरला पांढरी पट्टी उमटली ती धुतल्यावरही पूर्ण गेली नाही.

रिक्षाने हॉस्पिटल जवळ होतं. ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी सोडलं. जिवावरचं काही नव्हतं. डॉक्टर या वेळी तोंडी वेगळं काही बोलले नाहीत. त्यांनी जे लिहिलं तेच सांगितलं. पळण्याचे खेळ पूर्ण बंद. मी विचारलं, आपणच तर म्हणाला होतात की ती स्वतः थांबते. ते म्हणाले, "थांबायची. आता थांबेल याची मला खात्री नाही."

ती घरी आल्यावर मैत्रीण आईबरोबर भेटायला आली. आई स्वयंपाकघरात बसली. मुली बाहेर पलंगावर होत्या आणि मी टेबलापाशी.

"तुला माहीत होतं?" माझ्या मुलीने विचारलं.

"सगळ्यांना माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू डॉक्टरकडे गेलेलीस ना, तेव्हापासून."

"मग दिवाळीच्या सुट्टीआधी मी एकटी उरलेले, ते?"

"ते पण."

"आणि तो कॅप्टन पडला होता माझ्यामागे?"

"तो मुद्दाम पडला."

"जोरात लागलं होतं त्याला. गुडघा फुटला होता."

"हो. तो म्हणाला, ते चुकून जास्त लागलं."

माझी मुलगी एकेक दिवस विचारत गेली आणि मैत्रीण एकेक सांगत गेली. खोटं बोलायचं तिला सुचलं नाही, किंवा आता उपयोग नाही हे तिला कळलं असावं. शेवटी माझ्या मुलीने विचारलं, "एकदा तरी मी खरी राहिले का?"

"मला नाही माहीत," मैत्रीण म्हणाली. "आम्ही कधी तुला शिवायला बघितलंच नाही."

सर आठवड्याने घरी आले. त्यांनी चहा घेतला नाही. मुलगी आत होती, तिला बोलवा असं ते म्हणाले नाहीत. "मी तिला खोटं बोललो न्हाय, साहेब," ते म्हणाले. "तिला काही बोललोच न्हाय. आमच्या गावात लिंबू आधी सांगतात, सगळ्यांसमोर. मग त्या पोराला पण कळतं नि तो त्याच्या हिशोबाने खेळतो. इथं ते सांगायची सोय न्हवती. मला वाटलं, न सांगता पण चालंल."

बायको म्हणाली, "तुम्ही वाईट हेतूने नाही केलंत."

"हेतूचं काय घेऊन बसता, ताई," ते म्हणाले आणि चपला घालून खाली उतरले.

त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही. सुरक्षेच्या कारणास्तव देशी खेळ थांबवत असल्याची सूचना शाळेने पालकांना पाठवली. आता त्या तासाला एका संस्थेचे प्रशिक्षक येतात. मुलं रबरी चटयांवर ओळीने उभी राहून कवायत करतात. पटांगणावरचा फक्कीचा चौकोन पहिल्या धुण्यात गेला. माझी मुलगी पुन्हा जिन्यावर बसते. बाटल्या चटयांच्या शेजारी ठेवायची पद्धत पडली आहे, त्यामुळे तिच्याकडे सांभाळायला काही नसतं.

हे खेळ शाळेत असावेत की नसावेत, असं मला कचेरीत अधूनमधून विचारलं जातं, कारण त्या विषयावरचा मजकूर माझ्याकडे येतो. मी मजकूर तपासून पुढे पाठवतो. खेळाचे नियम, मैदानाची मापं, गुण देण्याची पद्धत हे सगळं त्यात असतं. खेळ सुरू होण्याआधी कुणीतरी मोठ्याने जे एक वाक्य म्हणतं, ते कुठल्याच लेखात नसतं. ते शाळेच्या कागदावर कसं लिहायचं, हे मुख्याध्यापिकांनी विचारलं होतं तेव्हा मलाही सांगता आलं नव्हतं आणि आजही येणार नाही.

खालची मुलं सुरुवातीला तिला बोलवायला यायची. तळमजल्यावरचा मुलगा दारात उभा राहून बायकोला म्हणाला होता, "काकी, तिला सांगा, परत लिंबू राहिली तरी चालेल. कोण चिडवणार नाय." आतून तिने ऐकलं, पण ती बाहेर आली नाही. पळण्यावर बंदी होती, पण खांबाला टेकून उभं राहायला, लगोरीच्या फरश्या रचायला डॉक्टरांनी हरकत घेतली नव्हती. तेही आम्ही तिला सांगितलं. मला बोलवा असं तुम्ही सगळ्यांनी मिळून खालच्या मुलांना सांगितलंत का, असं तिने विचारलं. नाही म्हटलं. तिचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि तो बसावा असं तिला पटवून देण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. अभ्यासात चांगले गुण पडले तरी ती आता बाईंनी बाकीच्यांना किती दिले ते आधी विचारते.

परवा संध्याकाळी मी ड्युटीवर निघण्याच्या तयारीत होतो. ती गॅलरीत उभी होती. खाली लंगडी सुरू होत होती. समोरच्या विंगमध्ये नवीन राहायला आलेल्या कुटुंबातली एक छोटी मुलगी, चार-पाच वर्षांची, कडेला उभी होती. कुणीतरी तिचा हात धरून तिला आत ओढलं आणि ओरडून म्हटलं, "ही लिंबू हां." बाकीचे "हां" म्हणाले.

माझ्या मुलीने वळून मला विचारलं, "बाबा, ते बोलले ते तिला ऐकू गेलं का?"

"गेलं असेल."

"असेल नको. विचारून या."

मी खाली उतरलो. तेवढ्यात खेळ सुरू झाला होता आणि ती छोटी पळत होती, हसत होती, तिच्यामागे लंगडी घालणारा मुलगा मुद्दाम सावकाश येत होता. मी वर पाहिलं. गॅलरीचं दार लावलेलं होतं.